खूणगाठ

माणसाला आयुष्यात दोन प्रकारच्या पदव्या मिळतात. एक विद्यापीठ देते, ती भिंतीवर टांगता येते. दुसरी लोक देतात, ती पाठीला चिकटते. मला विद्यापीठाने बी. कॉम. ही एकच पदवी दिली, तीही दुसऱ्या वर्गात. लोकांनी मात्र हात आखडता घेतला नाही. शाळेत मुले मला ‘सुतळी’ म्हणत. बँकेत माझ्या पाठीमागे ‘शिट्टीसाहेब’ म्हणत. आणि गेल्या मे महिन्यात आठवीतल्या माझ्या नातीने त्यात तिसरीची भर घातली.

सुटीसाठी ती आमच्याकडे सांगलीला आली होती. रात्री वीज गेली म्हणून आम्ही गच्चीवर चटई टाकली. मी तिला सप्तर्षींतल्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ पुढे वाढवून ध्रुवतारा कसा गाठायचा ते दाखवले. मग हात सरळ लांब करून मूठ वळली आणि क्षितिजापासून ध्रुव किती मुठी वर आहे ते मोजू लागलो. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. सांगलीत ध्रुव पावणेदोन मुठींच्या आसपास भरतो, कारण सांगलीचा अक्षांश सतराच्या जवळ आहे. हेच माप दिल्लीत घेतले तर जवळजवळ तीन मुठी भरतील आणि कन्याकुमारीला एक मूठसुद्धा पुरी भरणार नाही. उत्तर गोलार्धात आपण विषुववृत्तापासून किती वर आहोत, हे माणूस नुसत्या मुठीने सांगू शकतो, याचे मला आजही नवल वाटते. तेच नवल मी तिला समजावत होतो. तिने बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, “आबा, तुम्ही ना, अगदी नर्ड आहात.”

मी अर्थ विचारला. ती जरा अडखळली. “म्हणजे... ज्या गोष्टीत कुणालाच इंटरेस्ट नसतो, त्यात ज्याला खूप इंटरेस्ट असतो तो. पण वाईट नाही हं!”

शेवटचे तीन शब्द तिने घाईने जोडले. माझ्या आयुष्याची साठ वर्षे त्या तीन शब्दांची वाट पाहण्यात गेली असे म्हटले तरी चालेल. आणि ते शब्द मला मिळायला हवे होते का, याविषयी माझ्या मनात एक जुना हिशेब आहे. तोच आज मांडतो आहे.

०००

आधी ‘सुतळी’विषयी. १९७० साली मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत होतो. चित्रकलेचे सरच आमचे स्काउटमास्तर. शनिवारी सकाळी खाकी कपडे, गळ्यात स्कार्फ, त्याला चामड्याचा वॉगल, हातात लाठी आणि कमरेला दोरी अशा थाटात आम्ही मैदानावर उभे राहायचो. बाकीच्या मुलांना त्यातली कवायत आणि शेकोटी आवडे. मला दोरी आवडली. शनिवार संपला की दोरी सरांकडे जमा करावी लागे, म्हणून मी किराणा दुकानातली सुतळी खिशात ठेवू लागलो. तासाला बाकाखाली गाठी मारायच्या आणि सोडायच्या. एकदा गणिताच्या गुरुजींनी खिसे उलटे करायला लावले, तेव्हा हातभर सुतळी बाहेर आली आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मॅट्रिकपर्यंत मी सुतळीच राहिलो.

मराठी माणसाला खरे तर गाठीचे अप्रूप वाटू नये. आपली भाषाच गाठींनी भरलेली आहे. माणसे भेटतात त्याला आपण गाठ पडणे म्हणतो. चार पैसे जमतात ते गाठीला असतात. लग्न म्हणजे लग्नगाठ. सहज सुटते ती सुरगाठ आणि सुटता सुटत नाही ती निरगाठ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आपण दोरीकडे पाहूनच शिकलो. ज्या समाजात बैलाचा कासरा, गाईचे दावे, विहिरीवरचे चऱ्हाट आणि पाळण्याची दोरी रोज हाताळली जात होती, तिथे गाठ मारता येणे ही काही विद्या नव्हती. ती श्वासासारखी होती. दावी गेली, चऱ्हाटे गेली, शब्द तेवढे उरले.

सरांनी शिकवलेली पहिली गाठ ‘रीफ नॉट’. उजवे टोक डाव्यावर, मग डावे टोक उजव्यावर. एवढीच. पण दुसऱ्या खेपेलाही चुकून उजवेच डाव्यावर घातले की होते ती ‘ग्रॅनी नॉट’, म्हणजे आजीबाईची गाठ. दिसायला तशीच, पण ताण आला की सरकते. पहिली गाठ सपाट बसते, टोचत नाही आणि हवी तेव्हा सुटते, म्हणून झोळीची पट्टी बांधायला ती वापरतात.

वाचकहो, हे वाचताना जवळपास लेसचे बूट असतील तर ते बांधून जरा वरून पाहा. लेसचे फूल बुटावर आडवे बसले असेल तर तुमची गाठ बरोबर आहे. ते बुटाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे टाच आणि अंगठा यांच्याकडे तोंड करून उभे राहिले असेल, तर तुम्ही लहानपणापासून आजीबाईची गाठ मारत आला आहात आणि म्हणूनच तुमची लेस वाटेत सुटते. दोन वेढ्यांपैकी एकाची दिशा बदला, काम झाले. आमच्या शेजारच्या एका निवृत्त मुख्य अभियंत्यांना मी हे दाखवले, तेव्हा ते पाच मिनिटे गप्प बसले. सदुसष्ट वर्षे, ते म्हणाले.

०००

१९८१ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो. पुढे अधिकारी झालो. त्या काळातल्या बँकेला सुतळी परकी नव्हती. रोख रकमेच्या थैल्यांची तोंडे सुतळीने बांधून त्यांवर लाखेचे सील करावे लागे, आणि ती गाठ सैल राहिली तर सील फोडल्याशिवाय उघडता येई. म्हणजे गाठ ही तिथे सुरक्षेची बाब होती. हेड कॅशियर मला बोलावून घ्यायचे. मी थैली बांधली की ते कौतुकाने मान हलवत.

खातेवह्या हाताने लिहायचे दिवस होते. ताळेबंद जुळला नाही की रात्रीचे नऊ नऊ वाजत. फरकाच्या रकमेला नऊने भाग जातो का, हे आम्ही सर्वांत आधी पाहायचो. जात असेल तर कुणीतरी अंकांची अदलाबदल केली असण्याचा संभव. १,४२३ च्या जागी १,२४३ लिहिले की फरक १८० येतो आणि त्याला नऊने भाग जातोच. दोनने भाग जात असेल तर निम्मी रक्कम शोधायची; ती जमेऐवजी नावे पडलेली सापडू शकते. पुढे संगणक आले आणि ही विद्याही चऱ्हाटाच्या वाटेने गेली. त्याचे मला दुःख नाही. रात्री नऊला घरी जाण्यात कसला आला आहे पुरुषार्थ? पण चूक कुठे झाली असेल याचा अंदाज चुकीच्या आकारावरूनच बांधता येतो, ही नजर त्या खातेवह्यांनी दिली. ती स्काउटच्या माग काढण्याच्या खेळाहून फार वेगळी नव्हती.

१९८८ साली माझी बदली इचलकरंजीला झाली. तिथल्या एका शाळेचे स्काउटमास्तर निवृत्त झाले होते आणि पथक बंद पडायच्या बेतात होते. मुख्याध्यापक आमचे खातेदार. कर्जाच्या कागदांवर सह्या करता करता त्यांनी मला विचारले आणि मी हो म्हणालो. रविवारी सकाळी सात ते नऊ. गळ्यात शिट्टी. बँकेतल्या शिपायाने मला मैदानावर पाहिले आणि सोमवारी मी शिट्टीसाहेब झालो होतो.

खरे सांगतो, मला ते नाव लागले. शाळेत सुतळी म्हणून घेणे वेगळे आणि तीस वर्षांच्या, बढतीच्या रांगेत उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने मुलांबरोबर अर्ध्या विजारीत लाठी घेऊन फिरणे वेगळे. सहकारी टेनिस खेळत, पत्ते कुटत, जमिनीचे व्यवहार करत. मी गाठी मारत होतो. मी मैदानावरून घरी येताना स्कार्फ काढून पिशवीत ठेवू लागलो. पथकाच्या शिबिरासाठी रजा घेताना अर्जावर ‘घरगुती कारण’ लिहू लागलो.

०००

या चळवळीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिचा इतिहासही सगळा अभिमानाने सांगावा असा नाही. बेडन-पॉवेल हा ब्रिटिश सेनाधिकारी. दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगला १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस वेढा पडला, तेव्हा तिथली पोरे निरोप पोचवण्याचे आणि पहाऱ्याचे काम किती जबाबदारीने करतात, हे त्याने पाहिले. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर त्याने वीसेक मुलांचे शिबिर घेतले. त्यात बड्या शाळांतली मुले होती आणि कामगारांचीही होती, आणि दोघांना एकाच तंबूत झोपवले होते. त्या काळच्या इंग्लंडात हे धाडसच होते. पुढच्याच वर्षी त्याचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ पंधरवड्याच्या भागांत निघाले.

पण हेच स्काउटिंग १९०९ साली भारतात बंगळूरला आले, तेव्हा त्यात भारतीय मुलांना जागा नव्हती. कामगाराचा मुलगा चालेल, काळा मुलगा चालणार नाही! मग ॲनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली आणि प्रयागला पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळे प्रवाह एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स’ झाले. पुढच्या वर्षी गाईडच्या मुली त्यात सामील झाल्या. म्हणजे जी गोष्ट आपल्याला नाकारली गेली होती, ती आपल्या लोकांनी हट्टाने आपली करून घेतली.

पुस्तकातले सगळेच आपल्याकडे चालत नाही, हेही खरे. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे करून दिशा काढायची युक्ती थंड देशांतली. मे महिन्याच्या दुपारी आपला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्याच्याकडे काटा कसा करणार? मी पहिल्याच वर्षी मुलांना हे शिकवायला गेलो आणि पंचवीस मुलांनी पंचवीस उत्तरे काढली. उलट आपल्या घरातले काही त्या पुस्तकात जाऊन बसले आहे. लहान मुलांच्या कब पथकाचा सगळा खेळ किपलिंगच्या मोगलीवर रचलेला आहे, आणि मोगलीचे शिवनीचे जंगल आपल्या नागपूरच्या वरच आहे. बेडन-पॉवेलची आणखी एक सूचना मला फार आवडते. रोज एक तरी सत्कृत्य करायचे, आणि ते विसरू नये म्हणून सकाळीच स्कार्फच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. मुलांना ही इंग्रज साहेबाची कल्पना म्हणून सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, ही खूणगाठ की!”

तो मुलगा म्हणजेच माझा जुना हिशेब.

०००

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गावाचा श्वासच त्या खडखडाटाशी बांधला गेला. या मुलाचे वडील मागावर होते, आई कांड्या भरायची. वय बारा. गणवेशाचा सदरा मोठ्या भावाचा, बाह्या दुमडलेल्या. एका रविवारी मी मुलांना ‘शीट बेंड’ शिकवत होतो. कमी-जास्त जाडीच्या दोन दोऱ्या जोडायला ही गाठ वापरतात. फळ्यावर आकृती काढली, बाण दाखवले. पोरे गोंधळली. हा उठला आणि म्हणाला, “सर, ही आमच्यात रोज मारतात.” खिशातून सूत काढून त्याने दोन तुटके धागे बोटांत धरले. काय केले ते मला दिसलेच नाही. दिसली ती फक्त गाठ, मोहरीएवढी. पुन्हा केले. मी त्याला हळू करायला सांगितले तर त्याला हळू करताच येईना. मागावर धागा तुटला की माग थांबतो आणि मजुरी बुडते. ती गाठ हळू मारायची सवय तिथे कुणालाच नसते. गाठ लहानही हवी, नाही तर फणीत अडकते.

नंतर ताडून पाहिले. माझी शीट बेंड आणि त्याची विणकरी गाठ, दोन्ही एकच. मी चित्रे पाहून वीस वर्षांत शिकलो ती विद्या या पोराच्या घरात पोळीसारखी रोज होत होती. त्या दिवसापासून गाठींचा तास तो घेऊ लागला. मी मागे उभा राहायचो. अभ्यासात यथातथा असलेला, बोलताना खाली बघणारा मुलगा दोरी हातात आली की मान वर करून बोलायचा.

१९९१ साली खऱ्या कमाईचा आठवडा आला. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना हा प्रकार आठवत असेल. स्काउटने घरोघरी, दुकानांत जाऊन विचारायचे, ‘काही काम आहे का?’ भांडी घासायची, बूट पॉलिश करायचे, अंगण झाडायचे आणि मिळतील ते पैसे कार्डावर लिहून सही घ्यायची. भीक घ्यायची नाही, काम करायचे. नाव म्हणून ‘खरी कमाई’.

त्या शनिवारी आमच्या शाखेत विभागीय कार्यालयातून एक वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले होते. माझ्या बढतीचा अहवाल त्यांच्याच हातात होता. मी त्यांच्यासमोर वह्या घेऊन उभा असताना हा मुलगा काउंटरच्या दारातून आत आला. पूर्ण गणवेश, इस्त्री केलेला स्कार्फ. त्याने तीन बोटांचा कडक सलाम केला आणि म्हणाला, “सर, काही काम आहे का? टेबले पुसू?”

साहेब हसले. तुच्छतेने नव्हे, नुसतेच हसले. “काय हो, तुमच्या ओळखीचा का?”

मी म्हणालो, “शाळेची पोरं येतात अशी अधूनमधून.” आणि त्याच्याकडे वळून म्हणालो, “आत्ता काही नाही. बाहेर जा.”

बाहेर जा. मी त्याला नावाने हाकही मारली नाही. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग पुन्हा सलाम केला, कारण मीच शिकवले होते की निघताना सलाम करायचा, आणि गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. आईने आत बोलावले, चहा ठेवला. म्हणाली, “सर, त्याला आता कामावर घातलंय. ह्यांच्या छातीचं दुखणं वाढलं.” तो दुसऱ्या पाळीला गेला होता. माझ्यासाठी त्याने काही ठेवले आहे का, असे मी विचारले नव्हते, पण तिने फळीवरून खऱ्या कमाईचे कार्ड काढून दिले. “तुम्हाला द्यायला सांगितलंय.”

कार्ड मी रस्त्यावर येऊन वाचले. किराणा दुकान, डबे पुसणे, एक रुपया. शेजारच्या आजी, पाणी भरणे, आठ आणे. डॉक्टर, सायकल धुणे, दोन रुपये. सगळ्यांसमोर सह्या. शेवटची ओळ अशी होती: बँक, काम नाही, ०.००. सहीची जागा कोरी.

आयुष्यभर मी नोंदी तपासल्या. त्या नोंदीत एक पैशाची चूक नव्हती. वडिलांच्या दुखण्यामुळे त्याची शाळा सुटली, हे खरे असणारच. माझ्या एका वाक्याने कुणाच्या घरातली चूल बदलत नाही. पण निघता निघता तो मैदानावरूनही कायमचा गेला, तो त्या दारातून गेला की मागावरून, हा फरक मला आजवर जुळवता आलेला नाही. नऊने भागून पाहिले, दोनने भागून पाहिले. दोन वर्षांनी माझी बदली झाली. त्याची-माझी गाठ पुन्हा पडली नाही.

०००

त्यानंतर मी काही फार मोठे केले नाही. एवढेच केले की लपवणे सोडले. १९९४ साली पचमढीला स्काउटमास्तरांच्या प्रशिक्षणासाठी रजा मागितली, तेव्हा अर्जावर पहिल्यांदाच ‘स्काउट प्रशिक्षण’ असे लिहिले. साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि सही केली. बाकी काही घडले नाही. तेरा वर्षे ज्याची भीती बाळगली ती गोष्ट एका सहीत आटोपली. ‘हिमालय वुड बॅज’चे दोन लाकडी मणी मिळाले, ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवले. ज्या ज्या गावी बदली झाली तिथे पथक काढले किंवा असलेल्या पथकात गेलो. शिट्टीसाहेब म्हणून कुणी हाक मारली तर ओ देऊ लागलो. गंमत अशी की तोंडावर म्हणू लागल्यावर त्या नावातली टोचणीच गेली. लोकांनाही ते नाव पुढे आदराने घेण्याची सवय लागली.

नात परत पुण्याला गेल्यावर मी तिच्या शब्दाची चौकशी केली. ‘नर्ड’ हा शब्द छापील स्वरूपात प्रथम आला तो १९५० साली, डॉ. स्यूस यांच्या लहान मुलांच्या एका पुस्तकात, एका काल्पनिक प्राण्याचे नाव म्हणून. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली पोरे तो कंटाळवाण्या मुलासाठी वापरू लागल्याची नोंद सापडते. आपल्याकडचे पुस्तकी किडा, घोकंपट्टीवाला, चष्मिस हे शब्द जवळ जातात, पण नेमके बसत नाहीत. मला अधिक आवडले ते दुसरेच. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग २००० साली वॉशिंग्टनमधल्या एका भाषणात स्वतःची ओळख करून देताना म्हणाले होते की मी पांढरे मोजे घालणारा, खिशाला पेनांचे पाकीट लावणारा नर्ड इंजिनिअर आहे आणि कायम तसाच राहणार. हे आर्मस्ट्राँग लहानपणी स्काउट होते, आणि अमेरिकेतल्या स्काउटांत जो सर्वांत वरचा ‘ईगल’ हा दर्जा, तो त्यांनी मिळवला होता. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाला हे नाव मिरवायला लाज वाटत नाही. आणि मी इचलकरंजीच्या शाखेत घाबरलो!

०००

जुन्या विद्यांचा आज उपयोग काय, असे नात विचारते. तिच्या हातातल्या फोनमध्ये नकाशा आहे, होकायंत्र आहे, आकाशात फोन धरला की ताऱ्यांची नावेही येतात. तिचे म्हणणे खोटे नाही. मलाही रस्ता चुकला की फोनच काढावा लागतो. बहुतेक गाठी मी चाळीस वर्षांत एकदाही गरज म्हणून मारलेल्या नाहीत. उपयोगाचा हिशेब मांडला तर ही शाखा तोट्यातच निघेल.

पण ऑगस्ट २०१९ मधला एक प्रसंग सांगतो. निवृत्त होऊन मी सांगलीला स्थायिक झालो होतो. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अर्ध्या शहरात वीज नाही, फोन मेलेले. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती आणि मी आमच्या पथकातली नऊ मुले-मुली घेऊन तिथे गेलो. वीरश्रीचे काहीच घडले नाही. कुणाला आम्ही पाण्यातून ओढून काढले नाही. ते काम जवानांनी आणि नावाड्यांनी केले. आम्ही मोठ्या हॉलच्या दारात उभे राहिलो, तेव्हा आत दीडशे माणसे होती आणि भिजलेल्या बायका भिंतीकडे तोंड करून तशाच बसल्या होत्या. कपडे बदलायला आडोसा नव्हता. दान आलेल्या कोरड्या साड्या कोपऱ्यात पडून होत्या.

मुलींनी खिडक्यांचे गज आणि मधले खांब पाहिले. दोन वेढ्यांची ‘क्लोव्ह हिच’ खांबाला, ताणाची गाठ दुसऱ्या टोकाला, आणि दोरीवर चादरी. वीस मिनिटांत सहा खोल्या झाल्या. एक म्हातारी आडोशाआड गेली, कोरडे लुगडे नेसून बाहेर आली आणि त्या दोरीला हात लावून बघत राहिली. मी जुन्या सवयीने वही आखली आणि कुणाला कोणते औषध रोज लागते, कुणाचे माणूस कुठे आहे, याची यादी आडनावांच्या क्रमाने लावली. रात्री एक डॉक्टर आले तेव्हा त्यांनी ती वही मागून घेतली आणि थेट मधुमेहाच्या रुग्णांपाशी गेले. बस्स, एवढेच.

त्या रात्री माझ्या लक्षात आले की या विद्या फार मोठ्या प्रसंगासाठी नाहीतच. सगळे हात बांधून उभे असतात, तेव्हा काय करायचे हे ज्याच्या हाताला ठाऊक असते त्याचे डोके थंड राहते, एवढाच त्यांचा उपयोग. आणि ते हाताला ठाऊक व्हायचे तर बऱ्याच कंटाळवाण्या रविवारी, कुणी हसत असताना, ती गाठ मारत आणि सोडत बसावे लागते. हसण्याला जो घाबरतो त्याच्या हाताला काहीच ठाऊक होत नाही. नात ज्याला नर्ड म्हणते तो माणूस म्हणजे तरी दुसरा कोण? जे आवडते ते लोकांदेखत आवडू देणारा.

०००

आमचे पथक अजून भरते. रविवारी सकाळी सात वाजता. गेल्या आठवड्यात अकरा जण होते. शिकवणीचे वर्ग असले की सहा येतात. शीट बेंड मी आता आकृतीवरून शिकवत नाही; खिशातून सूत काढतो आणि इचलकरंजीच्या एका मुलाने मला ही शिकवली, असे सांगून सुरुवात करतो. तो मुलगा आज सत्तेचाळिशीच्या आसपास असेल. मला त्याच्याइतकी लहान गाठ अजून जमत नाही.

लाकडी मण्यांशेजारी माझ्या टेबलावर ते कार्ड असते. निवृत्तीच्या वेळी बँकेने चांदीचा गणपती दिला, तो कपाटात आहे. कार्ड बाहेर आहे. नातीने या वेळी ते पाहिले आणि विचारले, “आबा, हे शून्य कुणाचं?”

मी म्हणालो, “माझं.” आणि तिला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. जायच्या दिवशी दारात बसून तिने बुटाची लेस सोडली, उजवे डाव्यावर, डावे उजव्यावर असे पुटपुटत पुन्हा बांधली, आणि फूल आडवे बसले की नाही ते वाकून पाहिले.